बोळ्याचं दूध

डॉक्टर विजयश्री एरवी फोन करायच्या. आज त्या स्वतः जिना उतरून, आयांनी दिलेलं दूध साठवायच्या मिल्क बँकेच्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हाच मिनलने ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

"फ्रीजला कुलूप घाल," त्या म्हणाल्या. "इथलं दूध आता कुठल्याच बाळाला द्यायचं नाही."

"काय झालं मॅडम?"

"तुझ्या नणंदेच्या मुलीचं पोट टम्म फुगलंय. नळीतून हिरवं येतंय, शीमध्ये रक्त आहे. आतड्यात संसर्ग झालाय. एवढ्याशा जिवाला तो किती झेपेल, मला सांगता येत नाही. पिंकीचं स्वतःचं दूध जेमतेम ओठ ओले होतील इतकं. बाकी सगळं तुझ्या बँकेचं गेलंय. मग मी संशय कशावर घेऊ?"

"दूध तापवलेलं आहे मॅडम. तपासणी होऊन आलेलं आहे."

"माहीत आहे मला. पण त्याशिवाय तिच्या पोटात दुसरं काही गेलेलं नाही, असंही तूच सांगतेस ना? गेलं असेल तर मला आत्ता कळायला हवं. औषधं त्याप्रमाणे बदलावी लागतील."

मिनलने कुलूप घातलं. वर काचेच्या पेट्यांमध्ये आणखीही बाळं होती. चाकणच्या कंपनीत कामाला जाणाऱ्या एका बाईला बाळंतपणात झटके आले होते, ती अजून शुद्धीवर नव्हती आणि तिची जुळी या फ्रीजवरच जगत होती. आता त्यांना डब्याची पावडर सुरू होणार. एकदा का बँकेच्या दुधाने पोर आजारी पडलं असं बाहेर पसरलं, की दूध द्यायला कुणी येणार नाही आणि घ्यायलाही कुणी धजणार नाही. पण हे सगळं नंतरचं. आधी वर तिची भाची होती, आणि तिच्या मनगटावरच्या पट्टीवर नावाच्या जागी अजून नुसतं 'बेबी ऑफ पिंकी' होतं.

या फ्रीजची किल्ली मिनलच्या हातात यायला काय काय झालं होतं, ते घरात पुरतं एकाच माणसाला माहीत होतं. कस्तुराबाईंना, म्हणजे तिच्या सासूला. मुलाच्या, सिद्धेशच्या, वेळी मिनल महापालिकेच्या दवाखान्यात तापाने फणफणलेली, छाती दगडासारखी, पोर रडून रडून निळं. वॉर्डातली प्रत्येक बाई एकेक उपाय सांगून गेली. शेवटी एक वयस्क सिस्टर खाटेवर बसली, पोराची मान नुसती बोटभर वळवली, आणि पोर प्यायला लागलं. बारावी झालेली, कंपनीत पॅकिंगला जाणारी मिनल त्या दिवशी म्हणाली, मला हे शिकायचंय.

सासरे भीमराज तेव्हा आकुर्डीच्या कारखान्यात होते. युनियनच्या सभेत शिक्षणावर तासभर बोलणारा माणूस घरात मात्र म्हणाला, "परक्या बायकांच्या छात्या चेपायला सून पाठवू का मी?" त्यावर कस्तुराबाई भांडी घासता घासता म्हणाल्या होत्या, "जाऊ द्या तिला. माझ्या वेळेला चेपायला कुणी नव्हतं." त्या नुसतं बोलून थांबल्या नाहीत. नर्सिंगचा कोर्स संपेपर्यंत दुपारच्या सुट्टीत बसने पोराला घेऊन यायच्या, मिनल गेटबाहेरच्या चहाच्या टपरीमागे बसून त्याला पाजायची आणि पुन्हा वर्गात पळायची. मग नोकरी, रात्रपाळ्या, मग स्तनपान सल्लागाराचा कोर्स. त्याची परीक्षा इंग्रजीत म्हणून ती पहिल्यांदा आपटली, दुसऱ्यांदा निघाली. सर्टिफिकेटला काच भीमराजांनी स्वतः बसवून आणली, आणि आपणच तिला शिकवलं असं ते अलीकडे चारचौघांत सांगायलाही लागले होते. कस्तुराबाईंनी त्यांना कधी टोकलं नाही.

म्हणूनच पिंकीचं बाळ दिवस भरायच्या आत जन्मलं, तेव्हा मिनलने सासूला कांगारू रूममध्ये घेतलं. तिथे अशा पोरांना उघड्या छातीशी धरून बसायचं असतं, माणसाच्या उबेने ती तगतात. आई थकली की बाप, बाप नसला की आजी. डॉक्टरांना तिने शब्द दिला होता, "माझ्या सासूबाई आहेत. मी शिकवलंय त्यांना."

वर जिन्याशी असलेल्या बाकड्यांवर सगळे जमले होते. पिंकीचा नवरा समर्थ हिंजवडीच्या ऑफिसातून गळ्यातला ओळखपत्राचा पट्टा तसाच ठेवून आलेला. त्याच्या शेजारी त्याची आई इंदुताई, मधूनमधून खोकणाऱ्या. समोर भीमराज. कस्तुराबाई कडेच्या बाकड्यावर पदर आवळून. मिनलचा नवरा प्रितम तेवढा चाकणला शिफ्टमध्ये अडकलेला.

"वहिनी, मला सरळ सांगा," समर्थ म्हणाला. "कुणाचं दूध दिलं माझ्या मुलीला?"

"बँकेचं. पुष्कळ आयांचं एकत्र केलेलं असतं. नावं आम्ही सांगत नाही."

"सांगत नाही की माहीत नाही?"

"मी तवाच म्हनले व्हते," इंदुताई म्हणाल्या. "कोन बाई, कुटली, कशातली, काय ठावं? फ्रीजमदलं दूध लेकराच्या पोटात. पन ऐकतंय कोन आमचं."

"कशातली म्हणजे?" भीमराजांनी मान वर केली. "नीट बोला ना ताई. कशातली म्हणजे काय?"

"मी आजाराचं बोलतीया."

"आजाराची तपासणी होते. बाकीच्याची तपासणी करायचं मशीन अजून निघालेलं नाही."

"पप्पा, आता नको," मिनल म्हणाली.

"का नको? आमच्या सुनेनं रक्ताचं पाणी करून उभं केलंय ते. तक्रार करायची तर करा म्हणावं."

"करणारच आहे," समर्थ म्हणाला. "माझी पोरगी आत मरायला टेकलीय आणि तुम्ही सुनेचं कौतुक सांगताय?"

समर्थचं चुकत नव्हतं, हे भीमराजांनाही कळत होतं. या सगळ्यात कस्तुराबाई एक अक्षर बोलल्या नाहीत. एरवी सुनेला कुणी बोललं तर त्या आधी उठायच्या. भीमराजांना ते खटकलं, मिनललाही खटकलं.

कस्तुराबाई आदल्या दुपारची उजळणी करत होत्या. नको म्हटलं तरी ती सरकत नव्हती.

पिंकीच्या लग्नाला दोन वर्षं होऊन गेली. समर्थचं घर दिघीचं, जुनं गावकीतलं, मराठ्यांचं. पोरांनी रजिस्टर लग्न केलं, नंतर दोन्ही घरांनी तोंडदेखलं मान्य केलं. पण इंदुताई आकुर्डीला आल्या की त्यांना कधी उपास असायचा, कधी पित्त झालेलं असायचं. पाण्याचा ग्लास हातात घ्यायच्या आणि बोलता बोलता खाली ठेवायच्या. कस्तुराबाईंना त्या 'पिंकीची आई' म्हणायच्या, विहीणबाई कधीच नाही. कस्तुराबाईंना स्वतःचं काही वाटायचं नाही, त्यांनी याहून वाईट पाहिलं होतं. पण लेकीला त्या घरात भांडी वेगळी तर नाहीत ना, हा प्रश्न त्यांच्या घशाशी यायचा आणि लेकीला विचारायची हिंमत व्हायची नाही.

काल दुपारी हॉस्पिटलच्या मागच्या आवारात त्या डबा उघडून बसल्या, तर इंदुताई येऊन शेजारी टेकल्या. त्यांना खोकला होता म्हणून मिनलने कांगारू रूममध्ये घेतलं नव्हतं. मग कस्तुराबाईंच्या डब्यातली चतकोर भाकरी त्यांनी आपण होऊन उचलली, शेंगदाण्याच्या चटणीला लावली आणि खाल्ली.

"चांगली झालीया चटणी, विहीणबाई," त्या म्हणाल्या.

कस्तुराबाईंचा घास तोंडातच राहिला.

"तुमास्नी सांगते, ह्यो समर्थ आठव्या म्हयन्यात झालेला. एवढुसा. डाक्टरनं हात टेकलं. आमच्या आत्याबायनी शेळीच्या दुदाच्या बोळ्यावर वाढवला त्याला. आता बगा कसा हाय." इंदुताईंनी पिशवीतून औषधाची धुतलेली बाटली काढली. "आमच्याकडं मिल्ट्रीच्या कुंपणाकडंला सोपानराव शेळ्या चारतो, त्याच्याकडनं सकाळी काढून आनलंय. मला आत सोडत न्हाईत. तुमी आजी हाव, तुमच्या हातानं पाजा."

"मिनल म्हणते, काहीच द्यायचं नाही बाहेरचं."

"मिनल चांगली हाय. पर ती शिकल्याली हाय, तिनं आपल्यावानी लेकरं वाढवली न्हाईत. दोन बोळं द्या नुस्तं. आपल्या दोगींतच राहू द्या."

आपल्या दोघींत. इतकी वर्षं वाट पाहिलेला शब्द असा एकदम पदरात पडला की माणूस तो तपासून घेत नाही. कस्तुराबाईंनी बाटली कमरेला खोचली. आत गेल्या, पोरीला छातीशी घेतलं, वर चादर ओढली. सिस्टर पाठमोरी होती. कापसाची वात दुधात बुडवून त्यांनी पोरीच्या ओठांना लावली, तशी तिने ती इवल्या जबड्याने ओढली. कस्तुराबाईंना भरून आलं. एका बोळ्याचे दोन झाले, दोनाचे चार.

आज समोर बसलेल्या इंदुताई त्यांच्याकडे बघत नव्हत्या.

असं नव्हे की इंदुताईंना काही वाटत नव्हतं. समर्थ खरंच शेळीच्या दुधावर वाढला होता, त्यात काडीचं खोटं नव्हतं. त्याच्या आधीची दोन पोरं त्याच दुधावर गेली होती, पण ती देवाने नेली असं घरात ठरलं होतं. आणि फ्रीजमधलं दूध कुठल्या बाईचं असेल या विचाराने त्यांना शिसारी येत होती, हेही खोटं नव्हतं. दोन्ही कारणं खरी. त्यातलं आधीचं कोणतं, ते त्यांनी स्वतःला कधी विचारलं नाही.

मिनलने कांगारू रूममध्ये जाऊन आलेल्या सगळ्यांना एकेकाला विचारायचं ठरवलं. पिंकी म्हणाली काही नाही. समर्थ तर भडकलाच. मग तिने सासूला चादरी ठेवायच्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

"आई, काही दिलंत का तिला? मध, गुटी, पाणी, काहीही?"

कस्तुराबाई चादरींच्या गठ्ठ्याकडे बघत राहिल्या.

"आई, डॉक्टर विचारतायत. औषध त्यावर ठरणारंय. मला रागवायचं नाहीये."

"शेळीचं दूध," कस्तुराबाई म्हणाल्या. "बोळ्यानं."

मिनल भिंतीला टेकली. या बाईने आपल्याला नर्स केलं, आणि या बाईलाच आपण आत आणलं.

"कच्चं?"

"व्हय."

"कुठून आणलंत?"

"विहीणबाईंनी दिलं. माझा डबा खाल्ला काल त्यांनी, मिनल. माझ्या हातची भाकरी खाल्ली." कस्तुराबाईंचा आवाज फुटला. "मला रात्रभर गोड वाटत होतं. आज सकाळी उमगलं. मला जवळ करायला नव्हत्या आल्या त्या. बायांना जात असते, शेळीला नसते. एवढंच होतं ते."

"चला डॉक्टरांकडे."

"सांगितलं तर वाचंल का ती?"

"माहीत नाही. पण सांगावं लागेल."

"पिंकीला सांगू नको, माझ्यामुळं झालं म्हणून. डॉक्टरला सांग, पण पिंकीला नको."

मिनलने दार उघडलं. असं काही लपवता येत नाही हे दोघींनाही ठाऊक होतं.

डॉक्टर विजयश्रींनी ऐकलं, आत जाऊन औषधं बदलायला सांगितली, आणि मग सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं. पिंकीला सिस्टरने चाकाच्या खुर्चीतून आणलं. तिच्या अंगावर हॉस्पिटलचा हिरवा झगा होता आणि केस कुणी विंचरले नव्हते.

"बँकेच्या दुधाचा दोष दिसत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "बाळाला काल शेळीचं कच्चं दूध दिलं गेलंय. मला नोंद करायची आहे. कुणी आणलं ते दूध?"

मिनल इंदुताईंकडे बघत राहिली. इंदुताईंनी पदर तोंडाशी नेला, खोकल्या, आणि मग म्हणाल्या, "मला काय ठावं? मी तर आतच गेले न्हाई. मला सोडतंय कोन आत."

"इंदुताई," मिनल म्हणाली.

"मिनल, तू गप."

कस्तुराबाई तिच्याशी या सुरात कधीच बोलल्या नव्हत्या. त्या खुर्चीवरून उठल्या, जणू शाळेत नाव पुकारलंय. "मीच आणलं डॉक्टर. मीच पाजलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. सुनेनं तर बजावलं होतं, काही द्यायचं नाही म्हणून. ते मी ऐकलं नाही."

"कुठून आणलंस तू?" भीमराजांनी विचारलं. त्यांना खरंच कळत नव्हतं. आकुर्डीच्या त्यांच्या कॉलनीत शेळी औषधाला सापडली नसती.

"आणलं कुठूनतरी. आता काय करायचंय तुम्हाला?"

चाळीस वर्षांच्या संसारात बायको खोटं बोलतेय हे भीमराजांना पहिल्यांदाच दिसलं, पण कुणासाठी ते दिसलं नाही. त्यांनी चप्पल सरकवली आणि ते खोलीबाहेर गेले. जिन्यावर त्यांच्या पायांचा आवाज खालपर्यंत जात राहिला.

समर्थ सासूकडे बघत होता. "आई, तुम्ही? तुमच्या घरात नर्स आहे."

"चुकलं माझं."

"चुकलं?"

पिंकीने आईकडे पाहिलं आणि सिस्टरला खुर्ची वळवायला खूण केली. इंदुताई लगबगीने उठून तिच्यामागे गेल्या. मिनल तिथेच उभी राहिली. खरं बोलायला ती आली होती, आणि अर्धं खरं डॉक्टरांच्या नोंदीत लिहिलं जात असताना तिने तोंड उघडलं नाही. सासूच्या डोळ्यांत जे होतं त्याला ती भ्याली.

"फ्रीज उघड," डॉक्टर म्हणाल्या. "आणि कांगारू रूमची किल्ली सिस्टर करिष्माकडे दे. आजीला आत तू घेतलं होतंस. वरच्यांना मला उत्तर द्यावं लागेल, तुलाही."

"हो मॅडम."

तिने खाली जाऊन कुलूप काढलं. जुळ्यांसाठी दूध बाहेर काढलं, गरम पाण्यात ठेवलं, वर पाठवलं. हात सवयीने चालत होते. प्रितमचा फोन येऊन गेला होता. तिने लावला नाही. लावून त्याला कोणतं खरं सांगणार होती?

दिवेलागणीला पोरगी गेली. डॉक्टरांनी जे जमेल ते केलं होतं. मिनलने तिला स्वतः पुसलं, नळ्या काढल्या, मऊ कापडात गुंडाळलं आणि पिंकीच्या हातात दिलं. पिंकीने तिला बराच वेळ धरलं. मग समर्थने घेतलं, आणि तो मोठा सहा फुटी माणूस भिंतीकडे तोंड करून हुंदके देऊ लागला.

नंतर पिंकीची छाती दुखायला लागली. इतके दिवस थेंबाथेंबाने येणारं दूध त्या संध्याकाळी भरभरून उतरलं. मिनलने हे याआधी दुसऱ्या बायांचं पाहिलं होतं, कोर्समध्ये त्यावर एक वेगळा धडाच होता. त्रास कमी होईल इतकंच काढायचं, जास्त नाही, म्हणजे हळूहळू आटतं. धड्यात ते सोपं होतं. ती खाटेवर बसली, गरम कापडाने शेकलं, हलक्या बोटांनी दूध काढायला लागली. इंदुताई पाठीमागे बसून सुनेच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

"आता कशाला येतंय गं वहिनी हे?" पिंकीने विचारलं.

"अंगाला कळायला वेळ लागतो."

पिंकीने दाराकडे पाहिलं. "आईला घरी जायला सांग. मला ती समोर नकोय. आज नाही आणि उद्याही नाही."

पाठीवर फिरणारा हात थांबला. मिनलने वर पाहिलं. इंदुताईंची मान खाली गेली होती आणि डोळ्यांतून पाणी घळघळत होतं. त्या आता बोलतील असं मिनलला क्षणभर वाटलं. त्या बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने हात पुन्हा फिरायला लागला, आणि पिंकीने डोकं मागे त्यांच्या खांद्यावर टेकलं.

मिनलच्या तोंडाशी सगळं आलं होतं. एका वाक्याचं काम होतं. तिने दुधाची वाटी झाकली आणि बाहेर आली.

बाकड्यांवर दुसरं कुणी नव्हतं. कस्तुराबाई मोकळा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आत जायचं नाही हे त्यांना कुणी सांगावं लागलं नव्हतं.

"कशी हाय पिंकी?"

"दूध उतरलंय. थोडं काढलं. दुखायचं कमी होईल."

"फार काढू नको. वाढंल."

"हो."

"मला बोलावलं का तिनं?"

मिनल त्यांच्या शेजारी बसली. खोटं बोलावं असं तिच्या मनात आलं, पण आज एवढं पुरे झालं होतं. "नाही आई."

कस्तुराबाईंनी मान हलवली. "कोण हाय तिच्यापाशी?"

"इंदुताई. आई, मी सांगते तिला. आत्ता जाऊन सांगते. तुम्ही एकटीने का..."

कस्तुराबाईंनी तिचं मनगट धरलं. पकड घट्ट होती.

"बस खाली," त्या म्हणाल्या. "पिंकीला त्याच घरात जायचंय."